खोलीतली ऊब

मे महिन्यातल्या एका सकाळी धुळ्याच्या घरी वडील वारले. भुसावळहून बहीण येईपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणून त्यांना ठेवलेल्या खोलीतला एसी जोरात लावला. तरी खोली गार होईना. गच्चीवर जाऊन पाहिलं, तर एसीच्या बाहेरच्या मशीनला आईनं ओलं गोणपाट गुंडाळून वरून सुतळी आवळली होती, उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. गोणपाट ओरबाडून काढलं आणि मागून आलेल्या आईवर त्या दिवशीसुद्धा ओरडलो, "अगं, हे गारवा बनवत नाही! हा उष्णतेचा पंप आहे. विहिरीतलं पाणी उपसावं तशी आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. बाहेर जेवढं तापेल तेवढी विहीर खोल, तेवढी वीज जास्त. आणि तू त्याचं तोंडच बांधून टाकलंस!"

आईनं सगळं ऐकून घेतलं. मशीनमधून आता गरम झोत सुटला होता. तिनं त्याच्यासमोर तळवा धरला.

"मंग त्यासनी ऊब बी बाहेर जाई राहिनी का?"

वडिलांचं अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं, म्हणजे त्यांचीही ऊब या झोतात होती. शास्त्राला दुसरं उत्तर नव्हतं. मी हो म्हणालो.

"बंद करी दे मंग."

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिची गाडी भुसावळ सोडून आत्ता कुठे जवळच्या नशिराबादला पोहोचली होती.

मी मशीन बंद केलं नाही. आईनंही झोतासमोरून हात काढला नाही.