धरणारी बाई

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि अख्खा वर्ग उभा राहिला. मुलांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. ती गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा हशा पिकला, आणि ती सगळ्यांची काकू झाली. वय छत्तीस. विसाव्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले म्हणून जनावरांच्या डॉक्टरकीचं हेच शिक्षण तिने अर्ध्यावर सोडलं होतं.

मधली सोळा वर्षं तिने एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात काढली. तिथे तिचं मुख्य काम एकच, जनावर धरायचं. सुई बघून बिथरलेली मांजर असो की लाथा झाडणारं वासरू, तिच्या कवेत आलं की मऊ पडायचं. तिने परत शिकावं म्हणून डॉक्टरांनीच तिच्यामागे धोशा लावला, प्रवेशाचा अर्जही तेच घेऊन आले. "माझे गुडघे कामातून गेलेत. तू डिग्री घेऊन ये, दवाखाना तुझा," असं त्यांनी तिच्या नवऱ्यासमोर सांगितलं. "आता मला ताप आला तर तोंडाला जाळी बांधूनच तपासणार वाटतं," म्हणत नवरा हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने सकाळचा स्वयंपाक करू लागला. एवढं सगळं त्या दवाखान्यावर अवलंबून होतं.

तिसऱ्या वर्षी औषधांच्या तासाला मॅडम शिकवत होत्या. तिच्याहून आठ वर्षांनी लहान, बोलणं सरळसोट.

"हे औषध स्नायू लुळे करतं. जनावराला कायमचं झोपवायला काही लोक नुसतं हेच देतात. तसं कधीही करायचं नाही. आधी पूर्ण भूल. नाहीतर ते शुद्धीवर असतं. त्याला ऐकू येतं, श्वास कोंडतो तेही कळतं. फक्त हलता येत नाही."

औषधाचं नाव तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. दवाखान्यात तीच त्याची सुई भरून द्यायची.

"पण मॅडम, ते शांत दिसतं ना?" तिने विचारलं.

"बघणाऱ्याला दिसतं."

तास संपला, मुलं निघून गेली, ती बसूनच राहिली. सोळा वर्षांत किती डोकी मांडीवर घेतली असतील? प्रत्येकाच्या कानाशी ती पुटपुटायची, "झालं हं, झालं." म्हणजे ते त्यांना ऐकू जात होतं.

सुट्टीच्या दिवशी ती अजूनही दवाखान्यात कामाला जायची. त्या शनिवारी गेल्या गेल्या तिने डॉक्टरांना विचारलं. ते माहीत नव्हतं म्हणतील, अशी तिला वेडी आशा होती.

"माहीत आहे की," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "भुलीच्या औषधाच्या प्रत्येक बाटलीचा सरकारला हिशोब द्यावा लागतो. ऑपरेशनलाच पुरत नाही. आणि तू इतकं छान धरायचीस, कुणाची कधी तक्रार आली का?"

तेवढ्यात एक निवृत्त पोस्टमन आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून आत आले. कुत्र्याच्या पोटात गाठ होती, चार दिवस पाणीही जात नव्हतं. डॉक्टरांनी नेहमीच्या सुईसाठी हात पुढे केला. तिने कपाट उघडलं, भुलीची बाटली काढली आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवली.

"आधी हे. नाहीतर मी धरणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी पोस्टमनकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि निमूटपणे भूल भरली.

दोन मिनिटांत कुत्रा तिच्या हातात सैल पडला. मान, जबडा, पंजे, सगळं. इतकं सैल झालेलं अंग तिने शेवटच्या सुईच्या वेळी कधीच धरलं नव्हतं. पूर्वीच्यांच्या कातडीखाली बारीकशी थरथर असायची, आणि तिला वाटायचं, जीव जाताना असंच होत असेल. दुसरी सुई कुत्र्याला कळलीही नाही.

पोस्टमननी डोळे पुसले. "किती शांत गेला. याच्याआधीची आमची कुत्री पण इथेच गेली. तुम्हीच धरली होतीत ताई, आठवतं? तीही अशीच गेली ना?"

तिला आठवत होतं. पांढऱ्या तोंडाची कुत्री होती. शेवटपर्यंत डोळे उघडे होते आणि ते तिच्यावरच लागलेले होते.

"हो काका," ती म्हणाली. "अगदी अशीच."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, काम नीट झालं की डोलवायचे तशी. मग पोस्टमनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दोन वर्षांनी हिच्याकडेच यायचं बरं का. तयार झाली आहे आता."