अप्पांचे मार्क

अप्पा घराची परीक्षा पायांनी घ्यायचे. बीडमध्ये कुणाची वास्तुशांत असली, की पाहुणे पंगतीकडे वळत आणि अप्पा उंबऱ्याबाहेर चपला काढून थेट गच्चीकडे. वैशाखातली भर दुपार असली तरी तापल्या गच्चीवरून अनवाणी फिरायचे, खाली येऊन खोलीखोलीत भिंतीला तळहात लावायचे आणि मग बुंदीचा लाडू मोडता मोडता निकाल सांगायचे. "पस्तीस. काठावर पास." घरमालक बिचारा कसनुसं हसायचा. एका डॉक्टरांनी बंगल्याचा सगळा दर्शनी भाग निळ्या काचेनं मढवला होता. त्यांना अप्पांनी सगळ्यांदेखत शून्य दिलं आणि वर विचारलं, "भट्टी झ्याक हाय डॉक्टर, पर घर कुठं हाय?" डॉक्टर पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

गंमत अशी, की अप्पांचं स्वतःचं दुकान सिमेंट आणि लोखंडाचं होतं. कपाळाला भस्माचे पट्टे ओढून सकाळी ते गल्ल्यावर बसायचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला माल कमी घ्यायचा सल्ला द्यायचे. "एवढं सिमेंट कावून नेतो? भिंत जाड घाल, चुना वापर. तुझ्या आज्याचं मातीचं माळवद उन्हाळ्यात कसं गार राहायचं, इसरलास का?" मुलगा वैतागून म्हणायचा, "अप्पा, दुकान चालवायचंय का बंद करायचंय?" त्यावर अप्पा शांतपणे म्हणायचे, "दुकान चालतंय. माणसं घरात भाजायलीत, त्याचं काय?" मुलगा तोंडातल्या तोंडात पुटपुटत गोदामात निघून जायचा.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. बँका बोलावून कर्ज देत होत्या, गावोगावी काचेची शोरूम उभी राहत होती आणि वीज दिवसातून कितीदा जाईल याचा भरवसा नव्हता. मी औरंगाबादेत आर्किटेक्चर शिकून बीडला परतले होते आणि अप्पांच्या दुकानाशेजारी छोटं ऑफिस थाटलं होतं. एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं, की आता मोठ्या शहरांतही इमारतींना गुण द्यायला लागलेत. पाणी किती वाचवलं, ऊन किती अडवलं, माल जवळचा वापरला की लांबचा, या सगळ्याचे गुण मोजतात आणि पुरेसे भरले तर प्रमाणपत्र देतात. अप्पा गल्ल्यावरून उठूनच उभे राहिले. "म्हंजी आपल्यावाणी येडं आणखीन कुणी तरी हाय!"

मग त्यांनी मला सिमेंटच्या पोत्यांवर बसवून सगळे नियम मराठीत वाचायला लावले. बऱ्याच ठिकाणी मान डोलावली. पाण्याच्या नियमावर मात्र अडले. इमारतीत एरवी किती पाणी लागलं असतं ते धरायचं आणि त्यातलं किती वाचवलं ते दाखवायचं, असा तो हिशेब होता. "पोरी," अप्पा म्हणाले, "जे नळाला कधी आलंच न्हाई, ते वाचवून दावायचं कसं?" मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं.

अप्पा एका संस्थेचे विश्वस्त होते. धारूरच्या घाटाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह बांधायचं घाटत होतं. दसरा झाला की वाड्याच्या वाड्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात, लेकरं सोबत जातात आणि त्यांची शाळा सुटते ती सुटतेच. पुण्याची एक कंपनी वसतिगृह कायमचं चालवायला तयार झाली, पण गुण मोजून देतात ते हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं तरच. बाकीचे विश्वस्त अट ऐकून बावरले. अप्पा मात्र लहान पोरासारखे खूश झाले. नकाशा माझा होता. काळ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या. भूकंपाची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती, म्हणून भिंतींत सळयांचे पट्टे घातले. लोखंड अप्पांनी दिलं.

बांधकामावर गोदाबाई होती. जवळच्याच वाडीतली, हंगाम संपला की मजुरी करणारी. भिंती लिंपायला तिचा हात चांगला होता. तिची सुरेखा चौथीत होती. अप्पांनी तिला पहिल्याच दिवशी शब्द दिला, "गोदे, वसतिगृहात पयली तुझी सुरेखा." मग गोदाबाई लिंपताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही आमच्या सुरेखाची खोली हाय." ती दर वेळी वेगळी खोली दाखवायची, म्हणून आम्ही तिला चिडवायचो.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि गिलावा वाळेना. काम संपलं तेव्हा दसरा तोंडावर आला होता. एक नियम शिल्लक होता. नव्या रंगाचा, पॉलिशचा वास निघून जावा म्हणून इमारत दोन आठवडे दारं-खिडक्या उघड्या टाकून रिकामी ठेवायची, आत कुणी राहायचं नाही. त्याचा एक गुण होता आणि आमचे गुण अगदी काठावर होते. दुसरं कुणी असतं, तर त्यानं मुली आत घेतल्या असत्या आणि इमारत रिकामीच होती असं लिहून दिलं असतं. एका विश्वस्तांनी तसं सुचवलंही. अप्पा त्यांच्यावर कडाडले, "जन्मभर लोकांना मार्क दिले. आता आपलेच चोरून घेऊ व्हय?"

आणि मग ती सकाळ आली. अप्पा बंद फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसले होते, मी शेजारी उभी होते. वाडीची टोळी घेऊन निघालेला ट्रक फाटकापाशी थांबला. वर भांडी, सरपण, शेळ्या, माणसं. गोदाबाई खाली उतरली, तिच्यामागे सुरेखा. सुरेखानं वेणी घातली होती आणि पाठीला दप्तर होतं.

"अप्पा, आणली बगा तिला."

अप्पांनी तिला नियम समजावून सांगितला. थोडेच दिवस उरलेत, म्हणाले. गोदाबाईनं इमारतीकडे पाहिलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"दारं तं समदी उघडीच हायेत की. मग लेकरू कावून आत घ्यायना?"

"वास जाऊ द्यायचा आसतो, गोदे."

"कसला वास? ह्या भिती म्याच लिपल्यात. चुना हाय, त्यानं काय व्हतंय?"

मी हळूच म्हटलं, "अप्पा, घेऊ या. गेला गुण तर गेला."

"त्या एका गुणावर वसतिगृह हाय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "दरसालच्या पोरी हायेत त्याच्यावर. गोदे, थोडे दिस ठीव की वाडीत कुणापाशी."

"कुणापाशी? समदी वाडी गाडीत हाय."

"मग माझ्या घरी बीडला ठीव."

"एकली पोर परक्या घरी? न्हाई अप्पा. हितं मैतरणी ऱ्हाणार म्हून ठेवीत व्हते."

ट्रकमधून टोळीच्या मुकादमानं हॉर्न वाजवला. गोदाबाईनं वाद घातला नाही, सुरेखाला उचलून ट्रकमध्ये दिलं आणि स्वतः चढली. अप्पा खुर्चीवरून उठले, फाटकाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. उघडायला एक क्षण पुरला असता. ट्रक घाटाला लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

प्रमाणपत्र मिळालं. पितळी पाटी बसवायचा कार्यक्रम झाला तेव्हा अप्पा दुकानातच बसून राहिले. पुढच्या दसऱ्याला वसतिगृह भरलं, पण सुरेखा आली नाही. अप्पा स्वतः वाडीवर गेले, सोबत मी होते. गोदाबाईनं चहा केला, आपुलकीनं बोलली. "तवा आली आसती अप्पा. आता धाकटं पोरगं तीच सांबाळती, भाकरी टाकती. तिचं मन उडालं शाळंतनं." सुरेखा दारामागून बघत होती, पुढे आली नाही. परतताना जीपमध्ये मला अप्पांचा राग येत होता आणि त्यांच्याइतकं वाईटही वाटत होतं. काही वर्षांत सुरेखाचं लग्न झालं आणि कोयता तिच्याही हातात आला.

त्यानंतर अप्पांनी घरांना मार्क देणं सोडलं. वास्तुशांतीला येत, लाडू खात, निघून जात. त्या डॉक्टरांनी काचा काढून व्हरांडा बांधला आणि मुद्दाम अप्पांना बोलावलं. अप्पा म्हणाले, "चांगलं हाय." डॉक्टरांचा चेहराच उतरला. दसऱ्याला मात्र अप्पा न चुकता वसतिगृहाच्या फाटकात उभे राहायचे. नव्या खोल्या बांधल्या तेव्हा गिलावा ओला असतानाच त्यांनी मुली आत घेतल्या. "वास जाईल," म्हणाले, "लेकरू गेलं तं माघारी येत न्हाई."

मी आजही प्रमाणपत्रांची कामं करते. इमारत रिकामी ठेवायचा नियम आला, की राहणारी माणसं तोवर कुठे थांबणार, हे आधी विचारते.

अप्पा थकले तेव्हा एकदा मला म्हणाले, धारूरला ने. फाटकातच त्यांनी चपला काढल्या. माझा हात धरून गच्चीवर गेले, उन्हात अनवाणी फिरले, खाली येऊन भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती. आत मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज चालला होता. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच असं करत होते, म्हणून मी धीर करून विचारलं, "किती, अप्पा?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

"आमची सुरेखा औंदा कंच्या कारखान्याला गेली गं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. फाटकात त्यांनी चपला पायात घातल्या आणि आम्ही निघालो. पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले.