टाकीआडचे डाग

आई गेल्यानंतर बाबांना मी धाडजवळच्या गावाहून बुलढाण्याला माझ्याकडे आणलं. मी इथल्या एका शाळेत शिक्षक. घर नवीन होतं, अंगणात नुकताच सिमेंटचा कोबा करून घेतला होता. बाबांना दिवसभर पान लागायचं. पायरीवर बसून ते भिंतीकडे थुंकत. महिन्याभरात भिंतीच्या कडेचा कोबा लाल झाला.

काताचा डाग सिमेंटमध्ये मुरतो. मी निरमा टाकून तारेच्या घासणीनं घासलं, ब्लीचिंग पावडर कालवून थापली, शेवटी ॲसिड ओतलं. डाग फिका झाला, पण ॲसिडनं कोब्याचा वरचा गुळगुळीत थरही खाल्ला. त्या खरखरीत जागेत पुढचं पान आणखीच मुरायला लागलं. माझे रविवार त्यातच जात. अशाच एका रविवारी शेजारचे लोक उभे असताना मी बोलून गेलो, "बाबा, आपल्या गावी गोठ्यातबी अशी घाण नव्हती."

बाबा "बरं" म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस अंगण स्वच्छ राहिलं. मग पुन्हा डाग दिसू लागले, या वेळी पाण्याच्या टाकीआड, सहज नजरेस पडणार नाहीत असे. मी चिडलो.

"परत सुरू केलं ना तुमी?"

बाबांनी मान खाली घातली.

हे डाग मात्र नुसत्या पाण्यानं निघायचे. शाळेत जायच्या आधी बादलीभर पाणी टाकायचं, खराटा मारायचा, झालं. कात कमी लावत असतील, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. तरी रोज सकाळी त्यांना बोलणं चुकत नव्हतं. पुढे पुढे ते माझ्या आधी उठून स्वतःच तिथे पाणी टाकू लागले. बादली उचलताना त्यांना धाप लागायची, ती मी वयावर टाकली.

एक दिवस बायको त्यांचं कपाट पुसत होती. तिनं मला हाक मारली. तिच्या हातात बाबांचा पानाचा डबा होता. पानं वाळून त्यांचा चुरा झाला होता, चुना दगडासारखा घट्ट झाला होता.

"बाहेरून आणत असतील," मी म्हणालो.

"ते फाटकाच्या बाहेर तरी जातात का?"

मी टाकीआड गेलो. नुकताच पडलेला एक डाग होता. गडद लाल, वर बारीक फेस. मी खाली बसून बोट लावलं. काताचा वास नव्हता. ते रक्त होतं.

बाबा पायरीवर बसले होते. मी विचारलं, "काऊन सांगतलं नाही?"

"तुले पान वाटे. म्हटलं, वाटू दे."

"बाबा, दवाखान्यात नेलं असतं ना."

"तुह्या मायलेबी नेलं होतं," ते म्हणाले. "वापस आणली का?"

तरी दुसऱ्या दिवशी त्यांना नेलंच. फुप्फुसात गाठ होती, वाढलेली. खोकल्यातून रक्त केव्हापासून पडतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन महिने म्हणालो. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

त्यानंतर बाबा तीन महिने होते. शेवटी शेवटी मी तोंडाजवळ भांडं धरायचो, तरी ते हातानं ओठ झाकून माझ्याकडे चोरून पाहत. त्यांना अजून माझी भीती वाटत होती. "थुंका बाबा, काही होत नाही," मी म्हणायचो. ते वाट पाहत. मी तोंड फिरवल्यावरच थुंकत.

बहीण बाबांच्या तेराव्याला आली तेव्हा तिनं विचारलं, "दादा, आधी काहीच दिसलं नाही का रे?"

मी नाही म्हणालो. बायको तिथेच बसली होती. ती उठून आत गेली.