शेवटच्या सीटपर्यंत

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या आमच्या गल्लीत त्या साली दारोदार कोर्टाचे कागद चिकटत होते. कर्ज थकायचं घरमालकाचं, लिलाव व्हायचा घराचा आणि पळायचे भाडेकरू. मीही पळालो. कागद दिसला आणि तिसऱ्या दिवशी भावाच्या ट्रकमध्ये गाद्या टाकल्या. कागदावर नाव मालकाचं होतं, माझं नव्हतं, एवढंही मी वाचलं नाही. आठवड्याभरात त्या घरातले तांब्याचे पाइप चोरांनी उपटून नेले.

समोरच्या घरात भाड्याने राहणाऱ्या व्हर्लीन टिपेट यांच्याही दारावर कागद चिकटला, पण त्या हलल्या नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, कुणी लेकरू झोपून राहिलं नाही ना ते वाकून बघायचं आणि मग मागच्या काचेत ‘रिकामी’ ही पाटी लटकवायची, असा त्या कामाचा नियम. नोकरी संपली, खोड गेली नाही. भाडेकरारही त्यांनी तसाच शेवटच्या पानापर्यंत वाचला. तिथे मुदत होती पुढच्या वर्षीच्या तीस जूनची.

“लेम्युएल, तू पहिल्या पानावरच उतरलास,” त्या मला म्हणाल्या. “पुढचं वाचायला तिकीट लागत होतं का?”

मला राग आला. खरं ऐकलं की येतोच.

ऑक्टोबरात बँकेचा माणूस आला. घर आता बँकेने घेतलं होतं. दोन आठवड्यांत सोडलं तर रोख रक्कम देतो म्हणाला. मी भावाकडे राहत होतो, पण तेव्हा बाईंच्या ओट्याची पायरी ठोकायला आलो होतो.

“पाय पुसून आत या,” बाई म्हणाल्या.

आत त्यांची आई ओडेसा, वय एक्क्याण्णव, डोळ्यांनी पूर्ण अंध, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरातून येत होती.

“सोळा पावलांवर दार असतं,” म्हातारी म्हणाली. “आज मध्येच माणूस आहे. सरका जरा.”

तो सरकला.

“आईला हे घर हाताने पाठ आहे,” बाई म्हणाल्या. “दुसरं पाठ व्हायला महिने लागतील. ते महिने मला हवेत. मोफत कायदा सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी सांगितलंय, करार खरा असेल तर नव्या मालकालाही तो पाळावा लागतो, तो स्वतः राहायला येणार नसेल तर. बँक येतेय का राहायला? वरची खोली रिकामी आहे.”

“तसं नाही, मॅडम...”

“मग भाडं कुणाला द्यायचं ते लिहून कळवा. राहणार तर देणारही. मी चर्चमध्ये जेवले तरी भांडी घासून येते.”

बँकेने कळवलं काहीच नाही. जानेवारीत थेट घर रिकामं करण्याची कोर्टाची नोटीस आली. बाईंनी न्यायाधीशांपुढे करार ठेवला आणि महिन्यांची नावं लिहिलेली भाड्याची बंद पाकिटं एकेक करून मांडली. घराची निगा कोण राखतं, असं विचारल्यावर मी उठून सांगितलं, की अडुसष्टाव्या वर्षी पायऱ्यांवरचा बर्फ ही बाई स्वतः उपसते आणि मला फावड्याला हात लावू देत नाही.

न्यायाधीश म्हणाल्या, “तीस जूनपर्यंत राहा.”

आमच्या गल्लीतलं माणूस त्या दालनातून मान ताठ ठेवून बाहेर पडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी जिन्यात डोळे पुसले.

वसंतात चर्चमधल्या एका ओळखीच्या माणसाचं तळमजल्यावरचं घर ठरलं. दर रविवारी प्रार्थनेनंतर बाई आईला तिथे नेत. रिकाम्या खोल्यांतून दोघी हात धरून फिरायच्या. मग जूनमध्ये बाईंनी हात सोडला आणि आईला एकटीने फिरू दिलं.

तीस जूनला सकाळी म्हातारी आणि सामान नव्या घरी पोचलं. बँकेचा माणूस किल्लीसाठी आला, तर बाईंनी त्याला ओट्यावर थांबवलं. झाडून पुसलेल्या प्रत्येक खोलीत त्या गेल्या, कपाटं उघडून पाहिली, मागच्या दारापर्यंत जाऊन आल्या. मग पुढच्या दाराला बसमधली ती जुनी पाटी लटकवली: रिकामी. आणि किल्ली दिली.

आम्ही नव्या घरी चालत गेलो. बाईंनी दार वाजवायला हात उचलला, तोवर ते आतून उघडलं.

“बावीस पावलं,” ओडेसा म्हणाली. “फार उशीर केलात. मक्याचा पाव गार झाला.”