वाटणं वेगळं, मागणं वेगळं

मी मस्कतला निघाले त्या दिवशी आष्टीच्या स्टँडवर एसटीला उशीर झाला तो माझ्या आईमुळे. आमच्या वस्तीवरच्या ख्रिस्ती घरांमधून कुणी लांबच्या गावाला निघालं की बॅग मधोमध ठेवायची, सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या माणसानं प्रार्थना करायची, अशी रीत आहे. माझे वडील, बापू, वारल्यापासून ते काम आईकडे आलं होतं, आणि आटोपशीर प्रार्थना आईला कधी जमली नाही. विमान, विमान चालवणारा, मस्कतचं पाणी, माझ्या वॉर्डातले अजून न पाहिलेले पेशंट, एकेकासाठी तिचं मागणं चाललं होतं. कंडक्टरनं घंटी वाजवली, मग खिडकीतून डोकं काढलं. "मावशी, आमेन म्हना आता. पाशिंजर बोंबलायलेत."

आई डोळे न उघडता म्हणाली, "तुझ्यासाठीबी मागायलेय रं, दम धर."

सगळं स्टँड हसलं. मीही हसले, आणि हसता हसता गाडीत बसले. रडायचं राहूनच गेलं.

तुमच्यापैकी जे वस्तीवर राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण जी पोरं माझ्यासारखी निघाली आणि तिकडेच वाढली, त्यांच्यासाठी लिहिते. नाताळ डिसेंबरात येतो हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं. डिसेंबरात आमचं देऊळ, म्हणजे चर्च, बंद असायचं, कारण अख्खी वस्ती कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. टोळ्या उन्हाळ्यात परतल्या की मग आमचा नाताळ व्हायचा. कागदी तारा लिंबाला टांगायचा, अंगातून घामाच्या धारा, आणि गायनपुस्तकातलं थंडीच्या रात्रीचं गीत आम्ही बेंबीच्या देठापासून म्हणायचो. बाहेरून आलेले एक पाळकसाहेब हे पाहून चक्रावले होते. आई त्यांना म्हणाली, "सायब, प्रभू काय कॅलेंडर बघून येतो व्हय? आमी आलो की तोबी येतो."

एकदा उसाच्या फडात मला ताप चढला. भर दुपारी बापूंनी कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, गुडघे टेकले. अजून ते उठलेही नव्हते, तोवर शेजारच्या टोळीतला एक ट्रॅक्टरवाला पाणी मागायला आला आणि मला बघून तसाच दवाखान्यात घेऊन गेला. तो धनगराचा, आमच्या देवाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी बरी झाल्यावर बापू म्हणाले, "देव काय आभाळातून हात काढीत न्हाई, मार्थे. कुनाचा तरी हात पुढं करतो." हे वाक्य मी पुढं सगळ्यांना सांगत फिरले. मस्कतच्या वॉर्डातल्या मल्याळी नर्सनासुद्धा सांगितलं. मला स्वतःला मात्र ते फार उशिरा कळलं.

त्याच फडात आईनं एक मागणं धरलं: पोरीच्या हातात कोयता नको. पहाटे चूल पेटवताना, मोळ्या बांधताना, तिचं तेच चाललेलं असायचं. ते मिळालं. मी नगरला नर्सिंग केलं, मग मस्कत. आईनं देवळात उभं राहून साक्ष दिली की देवानं माझं ऐकलं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं. एसीतला फ्लॅट, शिफ्ट, तिकडं सुट्टी शुक्रवारी म्हणून शुक्रवारचीच उपासना, व्हॉट्सअ‍ॅपवर आई. ती फोन कपाळापाशी धरायची, त्यामुळे मला तिचं कपाळ आणि छताचे पत्रे तेवढे दिसायचे. प्रत्येक फोनच्या शेवटी ती म्हणायची, "तुझ्यासाठी प्रार्थना करायलेय गं."

मी धरूनच चालले होते की ती मी परत यावं म्हणून मागतेय. एकटी बाई, एकुलती लेक, आणखी काय मागणार? आमच्या देवळातले पाळकसाहेब सांगायचे, प्रार्थनेला तीन उत्तरं असतात: होय, नाही, आणि थांब. आईला 'थांब' मिळालंय, असं मी परस्पर ठरवून टाकलं. देवाचा तो 'थांब' माझ्या सोयीचा होता. वेळ आली की तोच मला उचलून आष्टीला नेऊन ठेवील, असं मला खरोखर वाटायचं.

मग एका सुट्टीत, भर श्रावणात, आम्ही दोघी ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. आई वाळून गेली होती, शेंग हातातून निसटायची. मी थट्टेत म्हटलं, "आई, मी माघारी यावं म्हणून तू इतकी वर्षं मागतेस, तुझा देव ऐकत कसा नाही?"

आईनं वर बघितलं. "आगं, म्या कवा मागितलं?"

"मग रोज काय मागतेस?"

"तुझी डुटी नीट व्हावी. तिथं कुनी तुला वाकडं बोलू नये."

"आणि मी यावं म्हणून?"

"ते कावून मागू? कोयता नको म्हनलं, त्यानं दिलं. आता दिल्यालं माघारी घे, आसं कुन्या तोंडानं म्हनू? लाज वाटती मला."

"पण मी यावं असं वाटतं का नाही तुला?"

"वाटतं की. लई वाटतं." तिनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "वाटनं येगळं आन मागनं येगळं, बये."

मी म्हटलं, या नाताळला येते, डिसेंबरातल्या खऱ्या नाताळला. ती "बघ" एवढंच म्हणाली. त्या डिसेंबरात रजा मिळाली नाही. वॉर्डात सगळ्याच जणींना नाताळ होता. पुढच्या डिसेंबरची रजा मी आधीच मंजूर करून घेतली. आई त्याआधी गेली.

मला याचं दुःख फार आहे, ते गोड करून सांगता येत नाही. इतकी वर्षं मी देवाच्या उत्तराची वाट बघत बसले, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी परत यावं म्हणून या जगात कुणीच प्रार्थना करत नव्हतं, मीसुद्धा नाही. आईला जे वाटत होतं ते वर गेलंच नाही, ते फक्त माझ्याकडे येत होतं. पुढं व्हायचा हात माझाच होता.

घराला आता कुलूप आहे, किल्ली शेजारच्या काकूंकडे. घर म्हणजे काय, असं मला माझ्या वॉर्डातली नवी पोर विचारते तेव्हा मी तिला सांगते, जिथून निघताना तुझ्यासाठी कुणीतरी गाडी खोळंबवून ठेवतं, ते घर. तिला ते कळत नाही, आणि अजून कळू नये.

आईच्या मातीनंतर परत निघाले तेव्हा आष्टीच्या स्टँडवर मी बॅग खाली ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. माझा एकटीचाच. डोळे मिटले, पण काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतंच आमेन म्हटलं.

गाडी वेळेवर सुटली.