आधी केलेल्या खुणा

बाटली भरताना काका श्वास रोखून धरायचे. कोकणातल्या त्या धक्क्यावर उकिडवे बसायचे, रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवायचे आणि पाणी सावकाश चढू द्यायचे. एक बुडबुडा दिसला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून! मी वैतागले की म्हणायचे, "समुद्राला घाई नाहीये मॅडम, तुम्हालाच आहे." मॅडम कसली, नुकती एमएस्सी झालेली बावळट मुलगी होते मी.

समुद्राच्या पाण्यात किती कार्बन मुरलाय, ते आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत मोजलं जायचं. काका तिथले मदतनीस, राहायला धायरीला. त्यांची नोकरी दरवर्षी नव्याने मंजूर व्हायची. महिन्यातून एकदा आम्ही दोघं एसटीने खाली कोकणात जायचो. येताना बाटल्यांचा खोका त्यांच्या मांडीवर. एकदा कंडक्टरने विचारलं, "काय हो, सोडा काय?"

"समुद्र आहे. अर्धं तिकीट लावा त्याला."

भरलेल्या प्रत्येक बाटलीत पाऱ्याच्या विषाचे थेंब टाकायचे. नाहीतर पाण्यातले बारीक जीव जगत राहतात आणि आकडे बदलतात. थेंब मी टाकायचे, वहीत खूण करायचे, मग काका झाकणाला ग्रीस लावून बाटली बंद करायचे. "हात आधी, पेन्सिल नंतर," हे त्यांचं ठरलेलं. मी मात्र अतिशहाणी. वेळ वाचावा म्हणून बाराही बाटल्यांच्या खुणा आधीच करून मोकळी व्हायचे.

त्या दिवशी हिंजवडीच्या कंपनीत दिलेल्या मुलाखतीचा निकाल लागणार होता. बाराही बाटल्या भरून ठेवलेल्या; सहांत थेंब टाकून झाले आणि मी घरी फोन करायला एसटीडी बूथकडे पळाले. नोकरी लागली होती! परत येऊन बघते तर वहीतल्या खुणा पाहून काकांनी बाराही बाटल्या बंद केलेल्या.

"सगळ्यांत पडलं ना?"

सहा उघडून पुन्हा भरायच्या म्हणजे एसटी चुकणार. मी म्हटलं, "हो तर!"

महिन्याभराने निम्म्या बाटल्यांचे आकडे भलतेच निघाले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दोघांना बोलावलं. माझ्या हातात नव्या नोकरीच्या पेढ्यांचा पुडा होता. काकांनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "मीच विसरलो असेन, साहेब. वय झालं." मी पुड्याची दोरी सोडवू लागले. त्या वर्षी त्यांची नोकरी मंजूर झाली नाही. निरोपाला पेढा मात्र घेतला त्यांनी. "हात आधी, मॅडम," एवढंच म्हणाले.

कित्येक वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा ऑफिसची गाडी घेऊन धायरीला गेले. बुद्धाच्या मूर्तीशेजारी काकांचा फोटो होता. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. काहीच वाटेना. काकूंनी चहा दिला, तो प्यायले.

"तुम्ही होतात ना तेव्हा त्यांच्यासोबत?" काकूंनी विचारलं. "ती चूक कुणाची होती हो? शेवटपर्यंत बोलले नाहीत. मी आपली त्यांनाच बोलत राहिले, एवढं कसं विसरलात म्हणून."

मी कप खाली ठेवला.

"मला नाही माहीत, काकू," मी म्हटलं.