भोपळ्याची राखण

चेकरकाकांनी उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवला आणि त्या नोकरीने त्यांच्या स्वभावाची पार वाट लावली. कोणी गोड हसलं, की यांच्या मनात पाल चुकचुकलीच. हसतोय म्हणजे नक्की तिकीट काढलेलं नाही! बायको होती तोवर चिडवायची, "अहो, मी तरी या घरात बिनतिकिटाची आले नाही ना?" पुढे ती गेली, काका निवृत्त झाले आणि संशय घ्यायला घरात कोणी उरलंच नाही.

मग त्यांनी एक वेगळंच काम धरलं. लोक सुट्टीला बाहेरगावी गेले की त्यांच्या घरी मुक्काम ठोकायचा आणि मागे राहिलेलं कुत्रं-मांजर सांभाळायचं. इथे मात्र त्यांची खोड कामी आली. दुसरा कोणी असता तर कुत्र्याला फिरवून आणून टीव्हीसमोर बसला असता. काका घरची मंडळी निघायच्या आतच घराची झडती घ्यायचे, तीसुद्धा गुडघ्यांवर रांगत, कारण कुत्र्याला जे दिसतं ते उभ्या माणसाला दिसत नाही. भेट आलेला चॉकलेटचा डबा खालच्या फळीवर? उचला. मनुका? कुत्र्याला त्याही विषच, वर ठेवा. शेगडीमागे उंदरांचं औषध निघालं, तर घरमालकिणीकडे असे काही बघायचे की ती बिचारी न विचारताच कबुली द्यायची.

या सुट्टीत ते एका प्राध्यापिकेकडे होते. नवरा, बायको आणि मुलं समुद्रकिनारी गेली. घरात राहिला भोपळ्या, म्हणजे एक गुबगुबीत, पिवळट आणि महाहावरट कुत्रा, आणि राहिल्या प्राध्यापिकेच्या सासूबाई, कारण त्यांचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. भोपळ्या म्हणजे आजींचा जीव की प्राण. दिवसभर सोफ्यावर त्यांच्या मांडीला टेकून पसरलेला असायचा.

"कुत्र्याचं तर बघाच," निघताना सूनबाई म्हणाली, "पण आईंना रात्रीची झोपेची गोळीही तेवढी आठवणीने द्या."

काकांनी औषधांचा डबा कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आजींनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

झालं, दोघांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. काका स्वयंपाकघरात गेले की मागून आजींची काठी टकटक करत यायची. आजींचा हात शालीखाली गेला की काकांची मान वर व्हायची. म्हातारी भोपळ्याला चोरून काहीतरी चारतेय, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. शालीला बिस्किटाचा चुरा लागला होता ना! आणि आजी? त्या फोनवर लेकाला हळूच सांगताना काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "माणूस बरा वाटत नाही रे. सगळ्या कपाटांत डोकावतो." काकांना मिरच्याच झोंबल्या. डोकावतो तो काय स्वतःसाठी?

असे काही दिवस एकमेकांवर डोळा ठेवण्यात गेले. मग एका सकाळी भोपळ्या उठेना. ताटली वाजली की ज्याने भर झोपेतून उडी मारावी, त्याने साधा कानसुद्धा हलवला नाही. काकांनी धरून उभं केलं, तर मागचे पाय लटपटले आणि तो धपकन खाली बसला.

"काय चारलंत आजी याला? खरं सांगा!"

"मी?" आजी काठी टेकत उठल्या. "तुम्हीच घातलं असेल काहीतरी! आणि मीही येणार दवाखान्यात. माझं पोर तुमच्या एकट्याच्या हाती द्यायची नाही मी."

रिक्षात भोपळ्या दोघांच्या मधे आडवा होता, डोकं आजींच्या मांडीवर आणि बूड काकांच्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या, छातीला नळी लावली. "घरात झोपेच्या गोळ्या आहेत का?"

"कुलपात आहेत," काका ताठ होऊन म्हणाले. "रोज रात्री एक गोळी मी स्वतः यांच्या हातावर ठेवतो. तोंडात टाकल्याशिवाय जागचा हलत नाही."

"गिळली का, ते बघता?"

काकांनी आजींकडे पाहिलं. आजी भोपळ्याचा कान कुरवाळत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं.

"गालात धरायची मी," त्या म्हणाल्या. "तुमची पाठ वळली की सोफ्याच्या फटीत. ती घेतली की मला मेल्यासारखी झोप लागते हो. घरात परका माणूस, मी झोपू कशी? तुमच्या खोलीच्या दाराकडे बघत बसून राहायची. हा हावरट तिथे नाक खुपसेल, हे सुचलंच नाही मला."

काकांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. सगळं घर रांगून पाहिलं त्यांनी, पण एक म्हातारी आपल्या भीतीने रात्र-रात्र जागते, हे काही दिसलं नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

भोपळ्याला सलाइन लावून दिवसभर तिथेच ठेवलं. दोघं बाहेर बाकावर बसून राहिले. संशय घ्यायचं त्राणच कोणात उरलं नव्हतं. संध्याकाळी भोपळ्या डुलत-डुलत बाहेर आला आणि बाकाखालचा कसलासा कागद चाटायला लागला, तेव्हा कुठे दोघांचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्या-आल्या काकांनी सोफा उलटापालटा करून झाडून काढला. जेवणं उरकल्यावर गोळी आजींच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आजी, माझ्या खोलीला बाहेरून कडी घाला आणि निवांत झोपा. न्हाणीघर आतच आहे, माझी काही अडचण नाही."

"खरंच घालू?"

"घाला की!"

आजींनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि जीभ वर करून दाखवलीसुद्धा. काका आत गेले. कडी लागली. ते पलंगावर बसले आणि त्यांना हसू आवरेना. आयुष्यभर लोकांना पकडलं आणि आता हे!

थोड्या वेळाने कडी निघाली. दार जेमतेम उघडलं आणि काठीने ढकललेला भोपळ्या आपल्या गोधडीसकट आत आला.

"मला आता पेंग येतेय," फटीतून आजी म्हणाल्या. "आजची रात्र याच्याकडे तुम्हीच बघा. तुमच्यापाशी असला की मला घोर नाही."

काहीतरी बोलावं म्हणून काकांनी तोंड उघडलं, तोवर दार बंद झालं आणि बाहेरून कडी पुन्हा लागली.